जाणिवेचा साक्षीपुरावा

१७९६ साली ग्रीनिचच्या वेधशाळेतून डेव्हिड किनब्रुक नावाच्या एका तरुण साहाय्यकाला बडतर्फ करण्यात आले. त्याच्यावर जो ठपका आला तो लबाडीचा नव्हता आणि कामचुकारपणाचाही नव्हता. राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन यांच्या नोंदींशी त्याच्या नोंदी जुळेनाशा झाल्या होत्या, एवढेच. त्या काळी एखादा तारा याम्योत्तरावर नेमका केव्हा आला हे ठरवण्याची रीत अशी होती की, निरीक्षकाने घड्याळाकडे पाहून सेकंद मनात धरावा, मग दुर्बिणीला डोळा लावून लंबकाचे ठोके कानाने मोजत राहावे, आणि दृष्टिक्षेत्रात ताणून बसवलेला उभा तंतू ताऱ्याने ओलांडला त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या ठोक्याला तो तंतूपासून किती अंतरावर होता हे ध्यानात ठेवून सेकंदाचा दशांश अंदाजाने काढावा. १७९५ च्या ऑगस्टमध्ये किनब्रुकच्या आणि मॅस्केलिनच्या वेळांत अर्ध्या सेकंदाची तफावत पडू लागली. साहाय्यकाला समज देण्यात आली. त्यानेही, असे दिसते की, सुधारण्याची पराकाष्ठा केली. आणि पुढच्या जानेवारीपर्यंत ती तफावत कमी होण्याऐवजी सेकंदाच्या आठ दशांशांवर गेली. धन्याची वेळ खरी आणि चाकराची खोटी, हा तेथील फैसला. त्याला आधार कोणता, असे विचारण्याचे कोणालाही कारण वाटले नाही.

ते कारण वीसएक वर्षांनी कोनिग्सबर्ग येथील फ्रीड्रिश बेसेल या ज्योतिर्विदाला वाटले. किनब्रुकची हकिकत वाचनात आल्यावर त्याने स्वतःची निरीक्षणे इतर नामांकित ज्योतिर्विदांच्या निरीक्षणांशी ताडून पाहिली, आणि त्याला असे आढळले की, ज्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आणि कौशल्याबद्दल तिळमात्र शंका घेता येणार नाही अशा दोघांमध्येही काही वेळा एका सेकंदाहून अधिक अंतर पडते, आणि ते अंतर कसेही, वाटेल तसे न पडता बऱ्याच अंशी ठराविक असते. येथून पुढे प्रत्येक निरीक्षकाचे ‘व्यक्तिसमीकरण’ काढण्याचा प्रघात ज्योतिषात पडला. डोळ्याने पाहणे आणि कानाने ऐकणे या दोन व्यापारांची सांगड मनात घातली जाते ती प्रत्येकाच्या ठायी निराळ्या विलंबाने, म्हणून कोणाचीही साक्ष जशीच्या तशी ग्राह्य नाही. परंतु तिच्यातील विचलन मोजता येते, म्हणून ती त्याज्यही नाही. साक्षीदाराला न्यायालयाबाहेर घालवून देण्यापेक्षा त्याच्या साक्षीचा बट्टा ठरवून ती दप्तरी दाखल करावी, हा बेसेलचा तोडगा, आणि मला तो विज्ञानाच्या इतिहासातील अत्यंत थोर तोडग्यांपैकी एक वाटतो.

मानसशास्त्राच्या इतिहासग्रंथांत ही हकिकत नेमाने सांगितली जाते, पण बहुधा प्रस्तावनेपुरती. माझे म्हणणे असे की, जाणिवेच्या अभ्यासात आज जे वाद माजले आहेत, आणि ‘जाणीव हा विज्ञानाचा विषय होऊच शकत नाही’ येथपासून ‘तो प्रश्न सुटल्यातच जमा आहे’ येथपर्यंत जी टोकाची मते ऐकू येतात, त्यांपैकी पुष्कळांचे मूळ साक्षीपुराव्याच्या या साध्या प्रश्नाकडे झालेल्या दुर्लक्षात आहे. मेंदूसंबंधी आपल्याला कमी माहिती आहे म्हणून घोडे अडले आहे, ही समजूत अर्धवट खरी आहे. मेंदूची माहिती रोज वाढते आहे. वाढत नाही ते, त्या माहितीतील कोणती नोंद जाणिवेची आणि कोणती निव्वळ मज्जापेशींच्या हालचालीची, हे ठरवणाऱ्या कसोटीविषयीचे आपले शहाणपण.

१८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिग येथे प्रायोगिक मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तेव्हा अंतर्निरीक्षणाच्या धोक्यांची त्यांना चांगली कल्पना होती. म्हणूनच त्यांनी ते थोड्या, साध्या आणि पुनःपुन्हा घडवून आणता येण्याजोग्या संवेदनांपुरते मर्यादित ठेवले. त्यांच्या शिष्यांना ती मर्यादा मानवली नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात एडवर्ड टिचनर यांनी, अनेक महिन्यांच्या तालमीने तयार केलेल्या निरीक्षकांच्या साहाय्याने, मनाच्या घटकांची जणू जमाबंदीच आरंभली, आणि मूलभूत संवेदनांची संख्या चव्वेचाळीस हजारांच्या वर नेली. इकडे व्यूर्त्सबुर्ग येथे ओस्वाल्ड क्यूल्पे यांच्या मंडळींना असे आढळले की, विचार करीत असताना पुष्कळदा मनात कोणतीही प्रतिमा नसते; केवळ एक प्रतिमाहीन भान असते. टिचनर यांच्या निरीक्षकांना मात्र प्रत्येक विचाराच्या बुडाशी एखादी पुसट का होईना, प्रतिमा सापडतच असे. दोन्हीकडचे साक्षीदार शिकवून तयार केलेले. दोन्हीकडची जबानी प्रामाणिक. आणि कोणाची खरी हे सांगण्याचा मार्ग उभयपक्षी एकच, तो म्हणजे दुसऱ्याच्या निरीक्षकांना तालीम नीट मिळालेली नाही असे म्हणणे. मॅस्केलिनने किनब्रुकला जे सुनावले तेच येथे एक प्रयोगशाळा दुसरीला सुनावत होती. बेसेलच्या जागी मात्र कोणीच नव्हते, कारण ताऱ्याच्या बाबतीत जशी दोघांच्या नोंदी ताडून पाहण्यास एक सामाईक घटना आकाशात होती, तशी येथे नव्हती.

या गोंधळाला विटून जॉन वॉटसन यांनी १९१३ साली जो जाहीरनामा काढला त्याने मानसशास्त्राच्या दप्तरातून जाणिवेचे खातेच काढून टाकले. मानसशास्त्राने वर्तनाचा अभ्यास करावा, अंतर्निरीक्षणाला त्यात स्थान नाही आणि जाणीव हा शब्दही न वापरता ते शास्त्र चालू शकते, हा त्यांचा दावा. वर्तनवादाची थट्टा करण्याची आता रूढी पडली आहे. ती मला मान्य नाही. प्राण्यांच्या शिकण्याविषयी, सवयींविषयी, बक्षीस आणि शिक्षा यांच्या परिणामांविषयी त्या पंथाने कमावलेले ज्ञान टिकाऊ आहे, आणि दोन साक्षीदार एकमेकांना खोटे पाडीत आहेत हे पाहून न्यायाधीशाने दोघांनाही उठवले तर त्याचा त्रागा समजण्यासारखा आहे. परंतु साक्षीदाराला उठवले म्हणून खटला निकालात निघत नाही. दात दुखतो तेव्हा माणूस गाल धरतो, कण्हतो, दंतवैद्याकडे जातो, हे सारे वर्तन. पण ज्याच्यासाठी तो वैद्याकडे जातो ते वर्तन नव्हे.

पुढे साक्षीदार परत आला तो मागील दाराने, आणि कसकसा आला हे पाहण्यासारखे आहे. १९८३ साली सॅन फ्रान्सिस्को येथील बेंजामिन लिबेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग घ्या. प्रयोगाला बसलेल्या माणसाने, स्वतःला वाटेल तेव्हा, मनगट एकदा झटकावे. त्याच्यासमोर घड्याळाच्या तबकडीसारख्या वर्तुळावर एक प्रकाशबिंदू २.५६ सेकंदांत एक फेरी पूर्ण करीत असे. मनगट हलवावे अशी इच्छा ज्या क्षणी पहिल्यांदा जाणवली त्या क्षणी तो बिंदू कोठे होता, हे त्याने मागाहून सांगावे. डोक्याच्या कातडीवर लावलेल्या विद्युदग्रांवरून असे दिसले की, हालचालीच्या आधी मेंदूत चढत जाणारी विद्युतलहर, जी कॉर्नहूबर आणि डीके या जर्मन संशोधकांनी १९६५ मध्येच नोंदवली होती, ती हालचालीपूर्वी सरासरी अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक काळ सुरू होते, आणि इच्छेची जाणीव मात्र सुमारे एक पंचमांश सेकंद आधी होते. झाले! मेंदू अगोदर ठरवतो, माणसाला मागाहून कळते, सबब संकल्पस्वातंत्र्य ही भ्रांती आहे, असा डांगोरा त्यानंतर चाळीस वर्षे पिटला जातो आहे.

आता हा प्रयोग नीट न्याहाळा. फिरता बिंदू डोळ्याने पाहायचा, मनात उठलेली इच्छा टिपायची आणि या दोहोंची सांगड घालून वेळ सांगायची, हे काम आणि ग्रीनिचच्या त्या साहाय्यकाचे काम यांत जातीचा फरक कोठे आहे? फरक इतकाच की किनब्रुकपुढे निदान तारा होता. लिबेट स्वतः मोठे सावध गृहस्थ होते. त्यांनी त्याच माणसांना हातावर सूक्ष्म स्पर्श देऊन तो केव्हा जाणवला हेही त्याच तबकडीवर सांगायला लावले, आणि तेथे माणसे सुमारे पन्नास सहस्रांश सेकंद अलीकडची वेळ सांगतात असे आढळल्यावर इच्छेच्या वेळेतूनही तेवढी दुरुस्ती सुचवली. म्हणजे बेसेलच्याच मार्गाने ते गेले. पण स्पर्शाचे व्यक्तिसमीकरण इच्छेलाही लागू पडते हे कशावरून? स्पर्शाची खरी वेळ प्रयोगकर्त्याला यंत्रावरून ठाऊक असते. इच्छेची खरी वेळ सांगणारे यंत्र कोणते? त्यात भर म्हणून २०१२ मध्ये आरोन शुर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की, ती चढती लहर म्हणजे घेतलेल्या निर्णयाची अंमलबजावणी असलीच पाहिजे असे नाही. मेंदूत अखंड चाललेल्या चढउतारांपैकी जे चढ उंबरठ्यापाशी पोचतात तेथेच हालचाल घडते, म्हणून हालचालीपासून मागे मोजत गेले असता सरासरीत चढ दिसणारच, असा अर्थही त्याच आलेखातून निघतो. संकल्पस्वातंत्र्य आहे की नाही यावर मी येथे मत देत नाही. ज्या पुराव्यावर माणसाच्या कर्तृत्वाचा एवढा मोठा दावा खारीज करण्यात आला, त्याच्यातील निम्मा पुरावा त्या माणसाच्याच जबानीचा होता, एवढ्याकडे लक्ष वेधतो.

साक्ष आणि सामर्थ्य यांची फारकत किती टोकाला जाऊ शकते याचे उदाहरण लॉरेन्स वाइझक्रांट्झ यांनी १९७४ साली ब्रिटनमध्ये नोंदवले. डी. बी. या आद्याक्षरांनी वाङ्मयात ओळखल्या जाणाऱ्या त्या रुग्णाच्या मेंदूच्या उजव्या पश्चभागातील दृष्टिकेंद्र शस्त्रक्रियेत काढावे लागले होते, आणि त्यामुळे डाव्या बाजूचे आपल्याला काही दिसत नाही असे तो सांगत असे. तरीही त्या आंधळ्या बाजूस दाखवलेल्या प्रकाशाकडे अंदाजाने बोट कर, रेघ उभी की आडवी हे नुसते ठोकून दे, असा आग्रह धरला असता त्याची उत्तरे योगायोगाने येतील त्यापेक्षा कितीतरी अधिक बरोबर येत; आणि ती बरोबर आली हे सांगितल्यावर त्यालाच नवल वाटे. वर्तनवाद्याच्या हिशेबी हा माणूस पाहतो आहे. तो स्वतः म्हणतो, मला दिसत नाही. येथे यंत्राने, पेशीने किंवा वर्तनाने निवाडा होत नाही. हा प्रकार विलक्षण आहे असे आपल्याला वाटते तेच मुळी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवल्यामुळे. तो शब्द बाद केला की उरतो तो केवळ थोडा अधू नजरेचा माणूस, आणि मग शोधच शिल्लक राहत नाही.

उलट बाजूचे उदाहरण याहून हृदयद्रावक आहे. एका तेवीस वर्षांच्या तरुणीला रस्त्यावरील अपघातात मेंदूला जबर इजा झाली, आणि पाच महिन्यांनंतरही ती डोळे उघडे पण प्रतिसाद शून्य अशा अवस्थेत होती. केंब्रिज येथे एड्रियन ओवेन यांनी तिला चुंबकीय प्रतिमायंत्रात ठेवून, तू टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर, आता आपल्या घरातील खोल्यांतून फिरते आहेस अशी कल्पना कर, असे सांगितले. तेव्हा पहिल्या वेळी हालचालींच्या आखणीशी संबंधित भाग आणि दुसऱ्या वेळी स्थळांच्या स्मृतीशी संबंधित भाग, निरोगी माणसाप्रमाणेच, उजळले. हे २००६ साली प्रसिद्ध झाले. २०१० मध्ये अशाच ५४ रुग्णांपैकी पाचांनी हुकमानुसार मेंदूची क्रिया बदलून दाखवली, आणि त्यांतील एकाने टेनिस म्हणजे ‘होय’, घर म्हणजे ‘नाही’ अशा सांकेतिक भाषेत स्वतःसंबंधी प्रश्नांची उत्तरेही दिली. २०२४ मध्ये अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या पाहणीत खाटेपाशी दिलेल्या आज्ञेला कसलाही दृश्य प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने आज्ञा पाळल्याचे आढळले. चारांत एक! ज्याच्या उशाशी बसून नातलग आणि वैद्य त्याच्याविषयी भूतकाळात बोलत असतील, तो कदाचित ऐकत असेल.

‘पाहा, येथे जबानीशिवाय जाणीव शाबीत झाली’, असे यावर म्हटले जाते. तसे नाही. ते उजळलेले ठिपके कल्पना करण्याचे द्योतक आहेत हे कळले कशावरून? बोलता येणाऱ्या निरोगी माणसांनी यंत्रात पडून कल्पना केली आणि बाहेर आल्यावर ‘होय, केली’ असे सांगितले म्हणून. मुक्या रुग्णाच्या वतीने यंत्र मुखत्यार म्हणून उभे राहते खरे, पण त्याचे मुखत्यारपत्र बोलक्यांच्या सहीचे असते.

यंत्र साक्षीवर आधारलेले असूनही साक्षीला सुधारू शकते काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर उष्णतामापकाच्या इतिहासात शोधता येते. जॉन लॉक यांनी सतराव्या शतकात दाखवून दिले होते की, एक हात गार आणि दुसरा ऊन असताना दोन्ही एकाच पाण्यात घातले तर तेच पाणी एकाला ऊन आणि दुसऱ्याला गार लागते. त्वचा हा खोटा साक्षीदार. पण पहिले उष्णतामापक विश्वसनीय आहेत हे ठरले कसे? ज्याला आपण निश्चित ऊन म्हणतो तेथे त्यांतील द्रव चढतो आणि निश्चित गार म्हणतो तेथे उतरतो, या त्वचेच्याच ढोबळ साक्षीवरून. एकदा तो विश्वास बसला की जेथे त्वचा आणि नळी यांच्यात वाद पडेल तेथे नळीचे खरे मानायचे, हे हळूहळू पचनी पडले. मग कोणत्या द्रवाची नळी खरी, पाऱ्याची, मद्यार्काची की हवेची, हा वाद. आणि तेथे एकोणिसाव्या शतकात आंरी विक्तोर रेन्यो या फ्रेंच शास्त्रज्ञाने ‘खरे तापमान’ आपल्याला आगाऊ ठाऊक असल्याचा आव न आणता एवढीच अट घातली की, एकाच जातीची दोन यंत्रे निदान एकमेकांशी जुळली पाहिजेत. ती कसोटी हवेच्या यंत्राने उत्तम पार पाडली. केंब्रिजचे विज्ञानतत्त्वज्ञ हासोक चांग यांनी २००४ च्या आपल्या ग्रंथात ही सारी कहाणी इतक्या बारकाईने मांडली आहे की, तो ग्रंथ जाणिवेवर लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला सक्तीने वाचायला लावावा. पाया डळमळीत असताना इमारत बांधता येते, आणि इमारत वर जाता जाता पायाही पक्का करता येतो, हे तीत पानोपानी दिसते.

म्हणून जे म्हणतात की, व्यक्तिगत साक्षीवर आधारलेले ज्ञान विज्ञान होऊच शकत नाही, त्यांना उत्तर द्यायला उष्णतामापक पुरेसा आहे. पण जे म्हणतात की, मग जाणिवेचाही उष्णतामापक निघेल आणि साक्षीदाराची गरज संपेल, त्यांना मात्र थांबवले पाहिजे. उष्णतेच्या शास्त्रात अखेरीस ऊन लागण्याच्या संवेदनेला रजा मिळाली. उष्णता म्हणजे कणांची गती ठरली, आणि ते ऊन कोणाला लागते की नाही याच्याशी पदार्थविज्ञानाला कर्तव्य उरले नाही. ही रजा देण्याची युक्ती गॅलिलिओची. १६२३ च्या आपल्या ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले की, पीस फिरवल्याने होणाऱ्या गुदगुल्या पिसात नसतात. तेच पीस पुतळ्यावर फिरवले तर गुदगुल्या कोठेच नसतात. आणि रंग, चव, वास यांचीही गत तीच. आकार, संख्या, गती यांचा हिशेब निसर्गाच्या नावे, बाकी सगळे जाणणाऱ्याच्या नावे, अशी वाटणी करून त्याने निसर्गाचे खाते स्वच्छ केले, आणि त्या स्वच्छतेच्या बळावर विज्ञानाने तीन शतके दिग्विजय केला. पण जाणणाऱ्याच्या नावे जे टाकून ठेवले होते त्याचाच हिशेब आता मागितला जातो आहे. तो देताना पुन्हा ‘हे जाणणाऱ्याच्या नावे टाका’ असे म्हणण्याची सोय नाही. टॉमस नेगेल यांनी १९७४ मध्ये वटवाघळाचे उदाहरण घेऊन हीच अडचण मांडली, आणि डेव्हिड चामर्स यांनी १९९० नंतरच्या दशकात तिला ‘कठीण प्रश्न’ असे नाव देऊन ती गाजवली. ती अडचण अभेद्य आहे असे मी मानत नाही. साक्ष तपासता येते, तिची वेळ, तिचा तपशील, तिचा आत्मविश्वास, सगळ्याची उलटतपासणी होऊ शकते, पण साक्षीदाराच्या जागी दुसरे काही बसवता येत नाही, एवढाच तिचा मला पटलेला अर्थ आहे.

डॅनियल डेनेट यांना हा अर्थही पटला नसता. त्यांची पद्धत अशी की, माणूस आपल्या अनुभवाविषयी जे सांगतो ते कादंबरीतल्या मजकुरासारखे समजून, खरे की खोटे याचा निर्णय तहकूब ठेवून, प्रथम जसेच्या तसे उतरवून घ्यावे, आणि मग तो माणूस तसे का सांगतो याचे कारण मेंदूत शोधावे. येथवर मी त्यांच्यासोबत आहे. कोणताही जबाबदार फौजदार असेच वागेल. पण पुढे जाऊन, सांगण्याचे कारण सापडले की सांगितलेल्या गोष्टीचे काही शिल्लक राहत नाही, असे जेव्हा त्यांचे अनुयायी म्हणतात, तेव्हा फिर्याद नोंदवून घेणाऱ्या कारकुनानेच ती निकालात काढल्यासारखे होते.

हल्लीच्या सर्वांत गाजलेल्या भांडणाकडे या नजरेने पाहावे. १९९८ साली जर्मनीत क्रिस्टोफ कोख यांनी चामर्स यांच्याशी पैज लावली होती की, जाणिवेची मेंदूतील खूण पंचवीस वर्षांत स्पष्टपणे सापडेल. २०२३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कमध्ये कोख यांनी पैज हरल्याचे कबूल करून चामर्स यांना मदिरा भेट दिली. त्याच बैठकीत दोन प्रतिस्पर्धी उपपत्तींच्या सामन्याचे प्राथमिक निकालही मांडण्यात आले. ज्युलिओ टोनोनी यांची उपपत्ती म्हणते की, एखाद्या यंत्रणेत माहिती जितकी अविभाज्यपणे एकवटलेली, तितकी जाणीव, आणि मेंदूत तिचे ठाणे मागच्या बाजूस. बर्नार्ड बार्स यांनी मांडलेली आणि स्तानिस्लास देआन यांनी वाढवलेली उपपत्ती म्हणते की, माहिती साऱ्या मेंदूला एकदम जाहीर झाली की ती जाणिवेत येते, आणि या कामी पुढचा भाग अगत्याचा. उभयपक्षांनी आपापली भाकिते आगाऊ लिहून दिली, तटस्थ प्रयोगशाळांनी २५६ जणांवर प्रयोग केले, आणि २०२५ मध्ये जे प्रसिद्ध झाले त्यात मागच्या भागातील ज्या टिकाऊ एकतालतेची पहिल्या पक्षाला अपेक्षा होती ती मिळाली नाही, आणि चित्र दिसेनासे होताना जो स्फोट दुसऱ्या पक्षाला हवा होता तोही झाला नाही. मधल्या काळात १२४ अभ्यासकांनी पहिल्या उपपत्तीला छद्मविज्ञान ठरवणारे खुले पत्र काढले.

ते पत्र मला उतावळे वाटले. भाकीत खोटे ठरू शकणे हीच विज्ञानाची खूण मानणाऱ्या कार्ल पॉपरचे नाव घेऊन विरोधकाला पंक्तीतून उठवणे सोपे असते, आणि ज्या उपपत्तीचे भाकीत आगाऊ नोंदवून नंतर फसले तिला अशास्त्रीय म्हणणे तर पॉपरच्याच हिशेबात बसत नाही. पण खुद्द प्रयोगाविषयीही एक शंका आहे. त्यात माणसांना चेहरे, वस्तू आणि अक्षरे ठळकपणे दाखवण्यात आली आणि त्यांतल्या बहुतेकांविषयी काहीही विचारले गेले नाही, यासाठी की सांगण्याची क्रिया आणि जाणण्याची क्रिया यांची मेंदूत सरमिसळ होऊ नये. हेतू रास्त आहे. परंतु न विचारलेले चित्र जाणिवेत आलेच होते हे त्यामुळे गृहीत धरावे लागते. समोर ठळक होते, म्हणून दिसले असणार! जबानी नको म्हणून ती टाळली, की तिची जागा प्रयोगकर्त्याच्या अनुमानाने भरून निघते. टोनोनी यांची उपपत्ती तर आणखी पुढे जाते. काही अगदी साध्या विद्युतमंडलांनाही तिच्या गणितानुसार जाणीव लाभते, आणि हे अजब फलित तिचे कर्ते मान्य करतात. जेथे जबानी शक्यच नाही तेथे गणिताचा निकाल स्वीकारण्यापूर्वी, जेथे ती शक्य आहे तेथे हे गणित किती वेळा खरे उतरले याची नोंदवही पाहायला मिळावी, अशी माझी मागणी आहे. आणि ती वही अजून फार पातळ आहे.

आपल्याकडे या विषयावर बोलताना दोन प्रकारची माणसे भेटतात. एक, ज्यांच्या मते आपल्या ऋषींनी हे सर्व पूर्वीच सोडवून ठेवले आहे. दुसरी, ज्यांना त्या परंपरेचे नाव काढणे हेच अवैज्ञानिक वाटते. दोघांनीही मूळ ग्रंथ उघडलेले नसतात. उघडले असते तर तेथे उत्तराऐवजी कडाक्याचे भांडण आढळले असते. ज्ञान झाले हे आपल्याला कसे कळते? कुमारिल भट्ट म्हणतात, ज्ञान स्वतः कधी दिसत नाही. वस्तू ज्ञात झाल्याचा जो विशेष तिच्या ठायी येतो त्यावरून ज्ञानाचे अनुमान होते. प्रभाकर म्हणतात, प्रत्येक ज्ञानात ज्ञेय, ज्ञाता आणि ज्ञान ही तिन्ही एकदम प्रकाशतात. नैयायिक म्हणतात, पहिल्या ज्ञानाला दुसरे, मागाहून होणारे ज्ञान विषय करते. यातला नैयायिक हा टिचनरच्या फार जवळ आहे, आणि कुमारिलांचे मत वर्तनवाद्याला सहज पचावे. या वादात साक्ष ही निःशंक मानली जात नाही, तिचीच परीक्षा चालते, हे मला त्यात विशेष मोलाचे वाटते. विसाव्या शतकात १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद यांनी नौली या योगक्रियेच्या वेळी पोटातील दाब किती उतरतो हे यंत्राने मोजले, ते याच वृत्तीने. शरीरातील जे मोजता येते तेवढे मोजावे, हा त्यांचा बाणा. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आनंद, छिना आणि सिंग यांनी १९६१ मध्ये ध्यानस्थ योग्यांचे मेंदूचे विद्युतआलेख प्रसिद्ध केले. चार अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात ठेवणाऱ्या दोघांच्या आलेखात अल्फा लहरी अखंड चालू होत्या. आलेख एवढेच सांगतो. गारठा जाणवला आणि त्याचा त्रास झाला नाही, की गारठा जाणवलाच नाही, हा फरक कागदावरच्या रेषेत कोठेही नाही. तो हवा असेल तर पाण्यातून हात काढल्यावर योग्यालाच विचारावे लागते, आणि त्याच्या उत्तरालाही त्याच्या साधनेने आणि संप्रदायाने शिकवलेली भाषा चिकटलेली असते.

शिकवलेल्या भाषेचा हा मुद्दा आजच्या एका नव्या साक्षीदाराच्या बाबतीत निर्णायक ठरतो. माणसासारखे बोलणारी संगणकी यंत्रे आता विचारले असता आपल्या अंतरंगाविषयीही बोलतात, आणि त्यांच्या बोलण्याने काही जाणती माणसेही हेलावतात. डी. बी. पाशी सामर्थ्य होते आणि साक्ष नव्हती. ओवेन यांच्या रुग्णांपाशी साक्ष होती आणि ती देण्याचे साधन नव्हते. यंत्रापाशी जबानी भरपूर आहे, पण ती आपल्याच लाखो जबान्यांवरून गिरवलेली आहे. दुःख, आनंद, भीती यांविषयी माणसे काय लिहितात हे ज्याने आगाऊ वाचले आहे त्याच्या दुःखाच्या वर्णनातून, ते वर्णन वाचलेले की भोगलेले, हे वेगळे काढता येत नाही. यावरून यंत्राला जाणीव नाही असे सिद्ध होत नाही; त्याची साक्ष तूर्त दाखल करून घेता येत नाही, इतकेच. ती दाखल करायची तर, माणसांच्या जाणिवेविषयीचा एकही शब्द ज्याच्या शिक्षणात आला नाही असे यंत्र घडवून, ते आपण होऊन आपल्या आतल्या अवस्थांविषयी काही वेगळे बोलते काय, हे पाहावे लागेल, आणि तसा प्रयोग करणे अवघड असले तरी अशक्य नाही. मुक्या जनावराची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. जखमी खेकडा किंवा अष्टपाद जखमेची राखण करतो, वेदनाशामक दिले की ते थांबवतो, तेव्हा त्याने कोणाचे लेखन वाचलेले नसते. त्याची जबानी तोकडी आहे, अस्पष्ट आहे, पण पढवलेली नाही. दोघांपैकी कोणाच्या बाजूने अगोदर कायदे करायचे हा प्रश्न राज्यकर्त्यांपुढे येऊ घातला आहे, आणि मला विचारले तर पहिली सुनावणी अष्टपादाची व्हावी.